खडपवाडीच्या वळतीणीचं म्हणणं

आधी एक गोष्ट नीट कानात घालून घ्या. दीपेशला मी नेलं नाही.

मी शुद्ध बोलते आहे म्हणून हसू नका. खडपवाडीची माणसं एरवी मालवणीत भांडतात, पण हापिसात साहेबासमोर उभी राहिली की ‘आमचं म्हणणं असं आहे की’ करून सुरुवात करतात. मलाही आज म्हणणं मांडायचं आहे. रागाच्या भरात मधेच जीभ घसरली तर समजून घ्या. नाही घेतलंत तरी वशाड मरो, मी बोलणारच आहे.

मी वळतीण. तोंडवलीच्या अलीकडे खडपवाडीचा किनारा आहे, खाडीच्या मुखापासून काळ्या खडपापर्यंत, म्हणजे पाण्यातल्या त्या मोठ्या खडकापर्यंत. तेवढं पाणी माझं. मी देवी नाही. देवळात माझी मूर्ती नाही, माझ्या नावाने जत्रा भरत नाही, माझी पालखी निघत नाही. समुद्राच्या सगळ्यात तळाला थोरला असतो. त्याने कामं वाटली तेव्हा वादळं, भरती, मासळीचे थवे, सगळं बड्याबड्यांनी आधीच उचललं. मी पोचले उशिरा. माझ्या वाट्याला आलं ते वळवायचं काम. आत खेचणाऱ्या पाण्याच्या ओढीत सापडलेलं माणूस किनाऱ्याकडे वळवायचं, बस्स. त्यातही थोरल्याने कायदा घालून दिला. म्हणाला, ‘ज्याचं तोंड घराकडे तो तुझा, त्याला खुशाल वळव. ज्याचं तोंड समुद्राकडे तो माझा. माझ्याला हात लावलास तर तिथल्या तिथे तुझा फेस होईल.’

वाडीत हे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. पोहायला शिकवताना आया पहिलं वाक्य हेच सांगतात, ‘ओढ लागली तर तोंड घराकडे कर, म्हातारी हाडतली.’ आणि मी आणतेच. रापणीचं जाळं ओढणारे लोक आणले, दारू पिऊन पडलेले आणले, एकदा तर एक म्हैस आणली. कंबरभर पाण्यात उभं राहिलेल्या माणसाला माझं बोलणं ऐकू येतं. त्याहून उथळ पाण्यात नाही. कोरड्या वाळूवर तर मी कितीही कंठशोष केला तरी त्यांना नुसत्या लाटा ऐकू येतात. हे लक्षात ठेवा, कारण माझा सगळा घात इथेच झाला.

आता सुशीलेबद्दल सांगते. सुशीला दीपेशची आई. नऊ वर्षांची होती तेव्हा खडपाला चिकटलेले शिनाणे शिंपले काढता काढता पाण्यात पडली. बावरली आणि भलतीकडेच हात मारायला लागली. मी ओरडले, “तोंड फिरव गो, मरशीत!” तिने फिरवलं. मी तिला वाळूवर आणून आपटलं, तर खोकत खोकत उठली आणि मलाच म्हणाली, “इतक्या जोरात कित्याक आपटलंस?” तेव्हापासून आमची दोस्ती. मोठी झाली, लग्न होऊन वाडीतच राहिली, मासे विकायला लागली, नवरा काविळीने गेला. रोज माशांच्या पाट्या धुवायला कंबरभर पाण्यात यायची आणि मला गजाली सांगायची. समुद्राला हळदकुंकू वाहणाऱ्या पुष्कळ असतात. ही मला चिमूटभर मशेरी द्यायची. म्हणायची, “घे, तुझे पण दात दुखत आसतले.” मला दात नाहीत. पण इतक्या वर्षांत कोणी मला काही दुखत असेल असं मनात आणलं नव्हतं.

दीपेश तिचा एकुलता एक. चोवीस वर्षांचा, शांत, सांगितलेलं ऐकणारा. नको तितका ऐकणारा. तो मंगेशकडे कामाला होता.

मंगेशचं नाव घेतलं तरी माझं पाणी तापतं. मंगेशने किनाऱ्यावर शेड घातली, बोट घेतली, लोकांना बसवून ओढायचा तो लांब पिवळा राफ्ट घेतला आणि वर पाटी लावली, ‘वळतीण वॉटर स्पोर्ट्स’. मला न विचारता! पाटीवर माझं चित्र काढलंन. सोनेरी केसांची, खाली माशाची शेपटी, कंबर मुठीत मावेल अशी. माझी कंबर काळ्या खडपाएवढी आहे, मेल्या! बरं, नाव लावलंस ना माझं, मग माझा लाल बावटा तरी पाळायचा होतास.

मे महिन्याचा शेवटचा आठवडा होता. वारा फिरला होता, लाल बावटा लागला होता, सीझन संपला म्हणून जॅकेटं पोत्यांत भरून वर माळ्यावर टाकली होती. भर दुपारी राफ्टचा दोर सुटला आणि राफ्ट पाण्यावर निघाला. मंगेशने बोट काढायला हवी होती. पण बोटीचं इंजिन त्याने खोलून ठेवलेलं. मग त्याने दीपेशला सांगितलं, “जा रे, धर तो.” आणि दीपेश गेला. अंगात जॅकेट नाही, काही नाही.

त्याने राफ्ट गाठलासुद्धा. दोर हातात धरला आणि त्याच क्षणी ओढ लागली, त्याला आणि राफ्टला एकदमच. मी त्याच्या कानाशी ओरडले, “सोड तो! तोंड फिरव!” दीपेशने मला ऐकलं. लहानपणापासून ऐकत आला होता. म्हणाला, “थांब गो म्हातारे, मंगेशदादा आराडता.” आणि खरंच, किनाऱ्यावरून मंगेश बोंबलत होता, “राफ्ट सोडू नको! सोडलंस तर उद्यापासून येव नको!” दीपेश राफ्टकडे बघत राहिला आणि राफ्ट समुद्राकडे जात राहिला. कायदा म्हणजे कायदा. आणखी काय सांगायचं.

मेलेल्याचं तोंड कुठे आहे हे कायदा विचारत नाही. म्हणून मग मी त्याला आणलं. दोन दिवस लागले. वर उताणा धरून, दगड चुकवत, खेकडे हाकलत आणलं आणि सुशीला जिथे पाट्या धुते तिथेच वाळूवर ठेवलं. मला वाटलं होतं निदान एवढं तरी कोणाच्या लक्षात येईल.

काय लक्षात आलं, ऐका. मंगेश प्रेताशेजारी उभा राहून छाती पिटत म्हणाला, “वळतीणीन नेल्यान आणि आता हाडून टाकल्यान! दीपेश आपणहून पोवाक गेल्लो, मी नको नको म्हणी होतंय!” किनाऱ्यावर त्या दुपारी दुसरं कोणी नव्हतं. पोलिसांनी तेच लिहून घेतलं. वाडीने तेच धरलं. वाडीला बरंच पडलं ते. मंगेशच्या धंद्यावर चार घरं जगतात, माझ्यावर कोण जगतं? मंगेशवर बोट दाखवायचं तर उद्या त्याच्याशी बोलायचं कसं? माझ्यावर दाखवलं तर मी कुठे ग्रामसभेत येऊन जाब विचारणार आहे! चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच. बाराव्याला पंगतीत पहिला वाढायला उभा कोण, तर मंगेश. आणि तेराव्या दिवशी शेडच्या पाटीवरचं माझं नाव त्याने चुना फासून पुसलं. इतकी वर्षं माझ्या नावावर लोकांना हाका मारल्यास, आणि आता मी खुनी!

त्याचंही मला इतकं वाटलं नसतं. मला वाटलं ते सुशीलेचं. त्या दिवसापासून तिने पाण्यात पाय घातला नाही. पाट्या घरी नळावर धुवायची. वाळूवरून जायची ती वरच्या अंगाने, माझ्याकडे न बघता. मी हाका मारल्या. किनाऱ्यावर लाटांवर लाटा आपटल्या. तिला काय, नुसता समुद्र खवळलेला दिसला. मला खरं ठाऊक होतं, एकट्या मलाच ठाऊक होतं, आणि ते जिला सांगायचं ती कंबरभर पाण्यात यायला तयार नव्हती.

मग भाद्रपदात कौल लावला. वाडीचा गावकर बाबली म्हणून आहे, गाऱ्हाणं घालतो. माणूस वाईट नाही, पण ज्याचा आवाज मोठा त्याच्या मागे जातो. मंगेशने त्याच्या मागे लकडा लावला होता की दिवाळीत पर्यटक यायच्या आधी वळतीणीचा काय तो बंदोबस्त करा, नाहीतर खडपवाडीत कोणी फिरकणार नाही. बंदोबस्त म्हणजे बांधणं. जिने माणूस नेलं तिच्या खडपात वीतभर लोखंडी खिळा मारायचा, तोही ज्याचं माणूस गेलं त्याच्याच हाताने. खिळा बसला की ती हलत नाही. पलीकडच्या आळीत भोवरीण नावाची माझ्यासारखीच एक होती, तिला शंभर वर्षांपूर्वी बांधलं. तिथे आता ओढीत गेलेला माणूस परत येत नाही. कोण वळवणार? गेल्या दहा वर्षांत सहा गेले. पण हे बाबलीला सांगायला मी देवळात कशी जाणार?

गेले मात्र मी. समुद्राचा मामला असला की कौलाच्या कळ्या समुद्राच्या पाण्याने चिकटवतात, अशी वाडीची रीत आहे. सत्यवान गुरवाने सकाळी माझ्यातूनच तांब्या भरून नेला. त्या तांब्यात मी होते, चांगली चार पळ्या. त्याने पाषाणाच्या उजव्या अंगाला एक कळी लावली, डाव्या अंगाला एक. बाबलीने गाऱ्हाणं घातलं, “बा देवा म्हाराजा, वाडीतलो तरणो झील पाण्यात गेलो. वळतीणीन तेका नेल्यान आसात तर उजवी कळी दी, नेल्यान नसात तर डावी दी म्हाराजा!” सगळे म्हणाले, “व्हय म्हाराजा!” सुशीला समोरच बसली होती. डोळ्यांत पाणी नाही, काही नाही, नुसती त्या दोन कळ्यांकडे बघत होती.

मी उजवी कळी घट्ट धरून ठेवली. देव माझ्या बाजूचा होता, तो काही बोलत नव्हता, पण मला कळत होतं. डावी आता पडणार, इतक्यात मंगेश म्हणाला, “काय उकाडो हो,” आणि उठून पंखा लावला. उजवीकडच्या भिंतीवरचा पंखा! ठाण्याच्या कोणा चाकरमान्याने वडिलांच्या स्मरणार्थ दिलेला, पात्यांवर वडिलांचं नाव. तो घरघरायला लागला आणि माझं पाणी सुकायला लागलं. मी किती धरून ठेवणार? चार पळ्यांतला एक थेंब मी! वाऱ्याने थेंब सुकला, कळी सुटली आणि टपकन खाली पडली. उजवी.

“व्हय म्हाराजा!” म्हणाले सगळे. एकालाही पंखा दिसला नाही. डोक्यावर केस उडत होते, बाबलीचं उपरणं फडफडत होतं, आणि म्हणे देवाने कौल दिला! शिरा पडो तुमच्या तोंडार. त्या देवालाही बरं वाटलं नसेल. सुशीलेने डोळे मिटले. मग म्हणाली, “खिळो घडवक टाका.”

सर्वपित्री अमावास्येची संध्याकाळची सुकती ठरली. तेव्हा पाणी सगळ्यात खाली जातं आणि काळं खडप मुळापर्यंत उघडं पडतं. मला एकच आशा होती. वाळूवरून खडपाकडे जायला मधे एक घळ ओलांडावी लागते, आणि सुकतीलाही त्या घळीत कंबरेएवढं पाणी असतं. म्हणजे सुशीलेला पाण्यात उतरावं लागणार होतं. वीसेक पावलं. मी दिवस दिवस मनात वाक्यं जुळवत बसले. आधी काय सांगू? दोर? मंगेशची बोंब? ‘तो माका ऐकी होतो’ हे सांगू की नको? वीस पावलांत एक आई पटवायची होती, आणि नाही पटली तर मी त्या खडपाला जन्मभर खिळून राहणार होते.

आणि मंगेशने बोट आणली! म्हणाला, “सुशीलाकाकी, तुमचे पाय भिजूक नको. तिच्या पाण्याक लागू नको.” असा कनवाळू! बोटीत चौघं, मंगेश, बाबली, सत्यवान गुरव आणि सुशीला. बाकी वाडी वाळूवर उभी. सुशीलेच्या मांडीवर फडक्यात गुंडाळलेला खिळा आणि हातोडी. मी बोटीच्या खालून जात होते, फळीला डोकं आपटत होते. काही उपयोग नाही.

बाबली उतरला, गुरव उतरला, सुशीलेला दोघांनी हात देऊन वर घेतलं. मंगेश शेवटी उतरायला गेला. कालवांनी भरलेल्या दगडावर त्याचा पाय पडला, खाली शेवाळ, आणि तो गेला सरकून घळीत. मी काही केलं नाही हो! शपथेवर सांगते. दगड निसरडाच होता. घळीतून मात्र त्या वेळी पाणी जोरात बाहेर निघालेलं असतं, ते त्याला घेऊन निघालं.

आणि त्या मेल्याने लगेच तोंड घराकडे केलं. त्याला बरा कायदा आठवला!

आता तो माझा. त्याला वळवणं मला भाग होतं. थोरल्याने सांगितलं आहे वळवायचं. पण किती वेळात वळवायचं ते सांगितलेलं नाही. मी मंगेशला धरला आणि तिथल्या तिथे फिरवायला सुरुवात केली. बाबलीने खडपावर ओणवं होऊन वल्हं पुढे केलं. मी मंगेशला वल्ह्याच्या अलीकडे हातभर ठेवला. तो हात लांब करायचा, मी एक गिरकी द्यायची. तो ओरडायला तोंड उघडायचा, मी आत थोडं पाणी घालायची. आणि त्याच्या कानात म्हणाले, “सांग. सगळ्यांसमोर सांग. नाय सांगलंस तर रात्र होयसर तुका असोच फिरवीन.”

“वाचवा!” तो ओरडला.

“ता नको. ता दुसरा सांग.”

चौथ्या गिरकीला तो फुटला. “सांगतंय! सांगतंय! मीच धाडलंय तेका! मीच म्हटलंय राफ्ट सोडू नको!” वल्हं धरलेला बाबली थिजला. मंगेश रडत होता, नाकातोंडातून पाणी येत होतं, पण बोलायचा थांबेना. “तो सोडून येय होतो! मान फिरवल्यान होती तेणा माझ्याकडे! मी शिवी घातलंय, मगे परत राफ्टाकडे बघूक लागलो! सुशीलाकाकी, माका बाहेर काढ!”

मग मी त्याला खडपावर फेकला. कालवांच्या धारेवर, मुद्दाम. पाठ सोलून निघाली त्याची. आहाहा! काय सांगू तुम्हाला, चार महिन्यांचा राग एका दणक्यात निघाला.  वाळूवरच्या लोकांनाही बोंब ऐकू गेली होती, कारण वारा तिकडेच वाहत होता. बाबली मंगेशकडे बघेना, गुरव बाबलीकडे बघेना. मी वाट बघत होते. आता माझी सुशीला माझ्याकडे बघेल. आता म्हणेल, ‘चुकलंय गो म्हातारे.’

सुशीला घळीत उतरली. लुगडं भिजलं, कंबरेपर्यंत पाणी आलं. चार महिन्यांनी.

“ऐकलंस मगे?” मी म्हणाले.  “मी नेलंय नाय तेका. माका सगळ्यांनी—”

“ऐकलंय,” सुशीला म्हणाली. “मंगेशाक मी बघतलंय. उद्या पोलिसात उभो करतलंय. ता माझा काम. आता तू बोल. दीपेश तुझ्यापासून किती लांब होतो?”

मला हा प्रश्न अपेक्षित नव्हता.

“सांग.”

“हातभर,” मी म्हणाले.

“मान फिरवल्यान ती बघलंस?”

तुम्हाला मी मघाशी हे सांगितलं नाही. रागावू नका. मला वाटलं होतं, त्याने काय फरक पडतो? मान फिरवली होती खरी. एक कान, अर्धा गाल, एक डोळा किनाऱ्याकडे आला होता. एका लाटेपुरता. “बघलंय,” मी म्हणाले. “पण अर्धाच फिरला होता गो. पुरा तोंड फिरूक होया. मी वाट बघी होतंय तो पुरा फिरवता काय म्हणान. अर्ध्या तोंडाचा कायद्यात काय नाय.”

“काय नाय मगे धरूचो होतो!”

“आणि चूक झाली आसती तर? माझो फेस जाल्लो आसतो गो सुशीले!”

“मगे जाऊचो होतो,” सुशीला म्हणाली.

इतकं शांतपणे म्हणाली ती. शिव्या दिल्या असत्या तर मी चार परत दिल्या असत्या. ती खडपाकडे बोट करून म्हणाली, “ह्या मेल्याक छळूक तुका कायदो वाकवक जमलो. वल्ह्यापासून हातभर ठेवलंस, माका दिसला ता. माझ्या झिलाक हात लावताना तो कायदो एकदम सरळ उभो रवलो काय?”

  

ती वर चढली. बाबली म्हणाला, “सुशीले, आता कित्याक? खरा काय ता कळला मगे. वळतीणीन नेल्यान नाय.” तिने फडकं सोडलं. “नेल्यान नाय,” ती म्हणाली, “हाडल्यान पण नाय.” आणि खडपाच्या फटीत खिळा उभा धरला.

एक लाट पुरली असती. सुकतीचं पाणी असलं तरी एक लाट मला कुठूनही आणता आली असती, हातोडीसकट खिळा गेला असता. मी आणली नाही. मी तिला ओरडून सांगितलं, “मी गेलंय तर हयसर कोण आसा? लोक मरतले गो! भोवरीणीकडे मरतत तसे मरतले!” पण ती तेव्हा कोरड्या दगडावर होती. तिला लाटाच ऐकू आल्या असतील. तीन घाव घातले तिने. तिसऱ्या घावाला माझं सगळं पाणी माझ्या हातातून सुटलं. आता ते येतं, जातं, मला विचारत नाही. मी बोलू शकते, बघू शकते. हलू शकत नाही.

दुसऱ्या दिवशी ती खरंच बाबलीला आणि गुरवाला हाताला धरून चौकीत घेऊन गेली. तिथे शुद्ध मराठीत म्हणाली म्हणे, ‘साहेब, माझं म्हणणं लिहून घ्या.’ मंगेशवर केस झाली आहे. शेड बंद आहे. वाडीतली अर्धी माणसं तिच्याशी बोलत नाहीत, चार घरं बसली म्हणून. हे सगळं मला कंबरभर पाण्यात उभं राहून गजाली करणाऱ्यांकडून कळलं. माझ्याकडे बघून कोणी बोलत नाही. मला राग येतो. बाबलीचा येतो, त्या पंख्याचा येतो, मंगेशचा तर किती सांगू. सुशीलेचा सगळ्यात जास्त येतो. कारण बाकीच्यांचं म्हणणं मी खोडून काढू शकते.

दिवाळीत पर्यटक आलेच. मी खडपाला खिळलेली, आणि ओढ आपली रोजच्यासारखी. मला वाटलं, आता बघ सुशीले, आता एकेक जाईल आणि मग माझी किंमत कळेल. हो, वाटलं असं. खोटं कशाला बोलू? सुशीला सकाळी मासे विकते आणि अकरानंतर वाळूवर येऊन माशांची पाटी उलटी करून तिच्यावर बसते. गळ्यात शिट्टी. कंबरेला रापणीचा जुना दोर, त्याचं दुसरं टोक माडाला बांधलेलं. कोणी पुढे गेलं की शिट्टी फुंकते. ऐकलं नाही की शिव्या घालते. तरी ऐकलं नाही की स्वतः आत शिरते. आजवर नऊ जणांना काढलं तिने. त्यात समुद्राकडे तोंड केलेलेच जास्त, कारण फोटो त्याच बाजूचा चांगला येतो. थोरल्याने तिचं काही केलेलं नाही. तिचा फेस झालेला नाही. आणि मी आता या दगडावर विचार करत बसते, आजवर फेस नेमका कोणाचा झाला आहे? कायदा ऐकताना मी ते विचारलंच नव्हतं.

काल कोल्हापूरकडचा एक माणूस मोबाईल वर धरून छातीभर पाण्यात गेला. ओढ लागली. त्याची पाठ किनाऱ्याकडे, नजर थेट आत. सुशीला दोर सोडत सोडत त्याच्या मागे निघाली. पाणी तिच्या कंबरेवर आलं तसं माझ्या तोंडून सवयीने निघून गेलं, “सुशीले, तेचा तोंड आत आसा! तो थोरल्याचो!”

तिने ऐकलं. चार महिन्यांपूर्वी खिळा मारल्यापासून काल पहिल्यांदा ती माझ्याशी बोलली.

“आसांदे,” ती म्हणाली, आणि त्याची कॉलर धरली.